जाडी शून्य, बाजू दोन

“दादा, तुझं मशीन काय म्हणतंय?” कल्याणीने फोनवर विचारलं.

हृषीकेश बिरनाळेने समोरच्या पडद्यावर चिंचबन गल्ली शोधली. गल्ली फिकट पिवळी होती. पिवळं म्हणजे कोरडं.

“कोरडं म्हणतंय.”

“मग माझ्या पायाला हे गार गार काय लागतंय?”

यावर काय बोलायचं हे कुंभोळी महापालिकेच्या पूर कक्षातल्या कुणालाच शिकवलेलं नव्हतं. हृषीकेश या कक्षाचा मुख्य अभियंता, आणि कल्याणी त्याची धाकटी बहीण. चिंचबनात तिचं पत्र्याचं बैठं घर होतं आणि घरात नवरा होता. धनंजयरावांना, म्हणजे हृषीकेशच्या दाजींना, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवायलाही दोन माणसं लागत, आणि घरात कल्याणी एकटी.

“शेजारचे सगळे गेले गं?”

“सकाळीच गेले. मला म्हणाले, चल. मी म्हटलं, माझ्या भावाचं मशीन आहे. ते सांगेल तेव्हा बोट येईल, यांना नीट झोपवून नेतील. तूच म्हणाला होतास ना, लोकांच्या तोंडचं ऐकून पळायचं नाही, मशीनवर विश्वास ठेवायचा?”

म्हणाला होता. बहिणीला तर म्हणालाच होता, शिवाय शाळा-शाळांतून फिरून, पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाला होता.

“पाणी किती आहे?”

“घोट्याच्या वर. हे खाटेवर आहेत. हसतायत. म्हणतायत, मेव्हण्याला सांग, कोरड्या गल्लीत माझी चप्पल पोहायला लागली.”

मशीनचं नाव ‘जलदर्पण’. नाव मंत्र्यांनी ठेवलं होतं, त्यामुळे ते बदलता येत नव्हतं. वरच्या धरणातून किती पाणी सुटलं, पाऊस किती झाला, शाळवी नदी कुठे किती वर आली, हे सगळं त्याला दर क्षणी कळे आणि दर दहा मिनिटांनी ते सांगे, पुढच्या काही तासांत शहरातल्या कुठल्या गल्लीत किती पाणी येणार. अंदाज एक मीटरच्या वर गेला की बोट आपोआप निघे. एक मीटरच्या खाली असला की लोकांच्या फोनवर संदेश जाई : नागरिकांनी आपली काळजी आपण घ्यावी.

यात माणसाने हात घालायचा नाही, असा कायदा होता. कायद्याला कारणही होतं. मागच्या महापुरात शहरातल्या बहुतेक बोटी नगरसेवकांच्या घरांभोवती फिरत होत्या. एका बोटीतून तर लग्नाचं फर्निचर हललं होतं. तेव्हा लोकच रस्त्यावर उतरून म्हणाले, माणसं नकोत, मशीन आणा. आणलं.

मशीन खोटं बोलत नसे. त्याला फक्त पातळ वस्तू दिसत नसत.

त्याचं असं की, पाण्याचं गणित सबंध शहराचं एकदम मांडता येत नाही. शहरावर एक जाळी टाकावी लागते. दोन-दोन मीटरच्या चौकोनी घरांची. प्रत्येक घरात पाणी किती, ते शेजारच्या घरात किती वेगाने जातं, एवढंच मशीन मोजत राहतं. आता दोन मीटरच्या घरात साडेचार इंची भिंत म्हणजे अंगणात पडलेली काडी. ती दिसायची तर घर लहान करायला हवं. पण घराची बाजू निम्मी केली की घरांची संख्या चौपट होते, शिवाय पाणी मोजायचं तेही दुप्पट वेळा. म्हणजे एकदा निम्मं केलं की काम आठपट. साडेचार इंच नीट दिसायला असं सहा वेळा निम्मं करायला हवं. हृषीकेशने एकदा हिशेब केला होता. दहा मिनिटांत येणारं उत्तर तेव्हा पाच वर्षांनी आलं असतं, म्हणजे पुढच्या महापालिका निवडणुकीच्या सुमारास.

त्यातून पहिल्या वर्षी एक घोटाळा झाला. विमानातून लेझरने शहर मोजलं तेव्हा मशीनने एका गच्चीजवळ वाळत घातलेली नऊवारी साडी धरण समजून तिच्यामागची निम्मी पेठ रिकामी करायला लावली. त्यानंतर नियम केला, की वीतभराहून पातळ जे जे दिसेल ते आधी पुसून टाकायचं आणि मग गणित मांडायचं. साड्या पुसल्या गेल्या, फलक पुसले गेले, कुंपणं पुसली गेली. आणि साडेचार इंची भिंतीही.

हे शहरातल्या गवंड्यांना कळायला एक पावसाळा लागला. सोसायट्यांना त्याहून कमी. पूररेषेत भिंत बांधायची तर मशीनची ना-हरकत लागे. मशीन आधी भिंतीशिवाय गणित करी, मग भिंतीसकट, आणि दोन्हींतला फरक सांगे. नऊ इंची भिंतीला साफ नकार येई. साडेचार इंचीला उत्तर येई, फरक शून्य, परवानगी मंजूर. दोन वर्षांत कुंभोळीत इतक्या साडेचार इंची भिंती उभ्या राहिल्या, की पाणी कुणाच्या दारातून हटलं आणि कुणाच्या दारात गेलं हे फक्त पाण्यालाच माहीत होतं.

चिंचबनाच्या पाठीला अशीच एक भिंत होती. पलीकडे रिव्हर टच रेसिडेन्सी. नाव बिल्डरने ठेवलं होतं आणि नदीने ते मनावर घेतलं होतं. पूर्वी पुरात ओढ्याचं पाणी चिंचबनातून सोसायटीच्या मोठ्या पार्किंगमध्ये पसरायचं आणि पलीकडच्या जुन्या तळ्यात जायचं. आता भिंत होती. गल्ली म्हणजे बूच लावलेली मोरी झाली होती.

भिंतीच्या परवानगीच्या वेळी हृषीकेशने वरच्यांना सांगितलं होतं, “साहेब, मशीनला ही भिंत दिसत नाही.” साहेब म्हणाले होते, “मग त्याची अडचण नाही ना?” हेच त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली होती, “दिसत नाही ना? मग झालं तर.”

बायको म्हणजे शलाका. रिव्हर टच रेसिडेन्सीची चेअरमन.

उपायुक्त इंगवले मॅडमसमोर तो उभा राहिला तेव्हा त्या बिस्किट चहात बुडवत होत्या.

“मॅडम, चिंचबनला एक बोट पाठवायला हवी.”

“मशीन काय म्हणतं?”

“कोरडं म्हणतं. पण तिथे पाणी आहे. माझी बहीण पाण्यात उभी आहे.”

“बिरनाळे, मी बोट पाठवली तर तो मानवी हस्तक्षेप होतो. वर ‘बहीण’ म्हणालात, म्हणजे आणखी वाईट. तुम्ही मशीनला पटवा. मशीनने सांगितलं तर दोन पाठवते.”

“त्याला भिंत दाखवावी लागेल.”

“दाखवा मग.”

“कुणाच्या मालमत्तेची नोंद बदलायची तर मालकाची संमती लागते. फोनवर अंगठा द्यावा लागतो.”

“मालक कोण?”

“रिव्हर टच. चेअरमन शलाका बिरनाळे.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या कोण?”

“बायको.”

“मग सोपंच आहे की,” मॅडम म्हणाल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं.

शलाकाने फोन उचलला तेव्हा मागे हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता.

“अरे, बघायला हवं होतंस. पलीकडे गुडघाभर पाणी आणि इकडे पार्किंगमध्ये रांगोळी काढावी इतकं कोरडं. मागच्या वेळी याच जागी आपली गाडी बुडली होती. सगळे खाली उतरलेत. साने काकूंनी भजी काढलीत.”

“पलीकडे कल्याणी आहे.”

हसणं मागेच राहिलं, शलाका बाजूला आली असावी. “गेली नाही ती? अख्खी गल्ली गेली म्हणे.”

“मशीनने सांगितलं नाही म्हणून थांबली. दाजींना ती एकटी हलवणार कशी? शलाका, मला भिंत मशीनमध्ये घालायची आहे. तुझा अंगठा हवा.”

“म्हणजे आम्ही लिहून द्यायचं, की आमच्यामुळे गल्ली बुडाली?”

“भिंत आहे एवढंच लिहून द्यायचं.”

“उद्या तेच होईल. भिंत पाडायची नोटीस येईल. तळमजल्यावर आठ बिऱ्हाडं आहेत, हृषी. मागच्या वेळी त्या लोकांनी काय काढलंय ते तू ऑफिसातून बघितलंस, मी चिखलातून बघितलंय. ही भिंत काय मी हौसेने बांधली?”

“मला माहीत आहे.”

“आणि तुझ्या बहिणीने वर्षभर मला तोंड दाखवलं नाही.”

“वाट बंद केलीस तिची. भिंत नव्हती तेव्हा डबा घेऊन यायची ती तिथल्या फटीतून.”

“गेटवरून यायचं होतं! गेट काय बंद होतं?”

मशीनने त्याच्यासमोर चिंचबन पुन्हा एकदा पिवळं रंगवलं. शलाकाने श्वास सोडला तो फोनमध्ये वाऱ्यासारखा वाजला.

“पाठव. देते अंगठा. पण सभेत मला शिव्या बसतील तेव्हा शेजारी येऊन बसायचं. तोंड शिवून नाही बसायचं.”

पातळ वस्तू मशीनला दाखवायची एक जुनी युक्ती असते. घरं लहान करायची नाहीत. भिंत घराच्या आत बसवायचीच नाही, दोन घरांच्या मधल्या रेघेवर बसवायची. रेघेला जाडी नसते. पण तिला बाजू दोन असतात, आणि अल्याडच्या पाण्याने पल्याड जायचं नाही एवढं तिला सांगता येतं. जाडी शून्य, बाजू दोन. हृषीकेशने चिंचबनाच्या पाठीला अशी एक रेघ ओढली आणि बटण दाबलं.

दहा मिनिटांनी चिंचबन पिवळ्यातून थेट गडद निळं झालं. दीड तासात एक पूर्णांक नऊ मीटर. गल्लीची वीज कापली गेली, बोट क्रमांक चारला हुकूम सुटला. बोटीवर सर्जेराव होता, शहरातला सगळ्यात जुना नावाडी, आता आपत्ती पथकाच्या नोकरीत.

“कलू, बोट निघाली,” हृषीकेशने बहिणीला कळवलं.

“किती वेळ?”

“येतेय. दाजींना उंचावर घेता येईल?”

“टेबलावर घेतलंय. कसं घेतलं ते विचारू नकोस.” ती धापा टाकत होती. “पाणी मांडीला आहे, दादा.”

त्याने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच पडद्याच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. रेघेच्या अल्याड गडद निळं. पल्याड रिव्हर टच, ठणठणीत पिवळी. शेवटच्या तासापर्यंत पिवळी. एक पूर्णांक नऊ मीटर पाणी अंगावर घेऊन रेघ उभी होती, सरळ, ताठ, एखाद्या पुतळ्यासारखी.

मग त्याचा हात फोनकडे गेला.

ज्या भिंतीला जाडी नाही तिला वजन नाही, विटा नाहीत, सिमेंट नाही. तिला मोडता येत नाही, कारण मोडायला आधी काहीतरी असावं लागतं. मघापर्यंत ही भिंत मशीनसाठी नव्हतीच. आता ती होती आणि अमर होती. खरी भिंत या दोहोंच्या मधली : साडेचार इंचांची, माणसांनी बांधलेली, उभी राहील तोवर उभी राहणारी. तेवढीच मशीनला सांगायची सोय नव्हती.

“शलाका, सगळ्यांना वर पाठव. लगेच.”

“का?”

“भिंत पडेल.”

“आत्ता सगळ्यांच्या फोनवर हिरवा ठिपका आलाय, ‘आपला परिसर सुरक्षित’. साने काका म्हणाले, बिरनाळेसाहेबांनी भिंतीला सरकारी मान्यता मिळवून दिली. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतायत.”

“तो ठिपका खोटा आहे.”

“मशीन खोटं बोलत नाही, असं तूच सांगतोस. गेली किती वर्षं जेवताना ऐकतेय मी.”

“मी त्याला भिंत सांगितली, शलाका. विटा नाही सांगितल्या.”

मग तिने हळू आवाजात विचारलं, “कुठे पडेल?”

“ते मला इथून नाही कळत.”

“मला कळतं,” शलाका म्हणाली. “ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यात. खालून केबल होती म्हणून तिथे पिलर घेतला नाही. उद्घाटनाला नगरसेवक यायचे होते, शेवटचा तुकडा एका दिवसात चढवला. आत्ता मी तिथे हात लावला तर भिंत गार आहे. आणि हलतेय. मला वाटलं माझाच हात हलतोय.”

“मग मशीनमध्ये तिथे भोक पाडतो. भोक दिसलं की ते सोसायटीत सायरन वाजवेल. तुझा अंगठा दे.”

“माझ्या भिंतीला भोक आहे म्हणून?”

“हो.”

तिने दिला. या वेळी अट घातली नाही.

हुकूम सोडण्याआधी कच्चं गणित करून बघायची सोय होती. एवढ्याशा तुकड्याचं उत्तर लगेच येई. हृषीकेशने रेघेत एका घराएवढं भोक पाडलं. सोसायटीत पाणी शिरलं, सायरनची खूण आली. उत्तम. मग त्याची नजर अल्याड गेली. चिंचबनचं पाणी भोकातून निघून जात होतं. अंदाज एक पूर्णांक नऊवरून शून्य पूर्णांक नऊ. एक मीटरच्या खाली.

बोट क्रमांक चारसमोर अक्षरं आली : परत बोलवा.

त्याने भोक अर्धं केलं. बोट राहिली, पण सोसायटीत पाणी इतकं थोडं, की सायरनची खूण गेली. दुप्पट केलं. सोसायटीला बोट मिळाली, चिंचबनला ‘आपली काळजी आपण घ्यावी’. त्याने भोक डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, दोन लहान भोकं पाडली. पाणी तेवढंच होतं. इथून काढलं की तिथे जायचं. चिंचबनची बोट राहील आणि सोसायटीत सायरनही वाजेल असं भोक कुंभोळीच्या गणितात नव्हतं. मशीनच्या लेखी एक तर भिंत होती, नाही तर भोक होतं. आधी भिंत आणि मग भोक, हे फक्त खऱ्या जगात होणार होतं.

म्हणजे मधला वेळ त्यालाच धरून ठेवावा लागणार होता. बोट पोचून दाजी आणि कल्याणी बाहेर पडेपर्यंत भोक पाडायचं नाही. आणि तोवर पार्किंगमधल्या माणसांनी हिरव्या ठिपक्याखाली भजी खायची.

त्याने वायरलेस उचलला. “सर्जेराव, कुठं आहात?”

“पुलाच्या वळणावर, सायेब. तारा लोंबत्यात. वाकून काढाय लागतीय बोट.”

“जरा उरका.”

“पाणी मागनं ढकलतंय, फुडनं तार. उरकतो तर कुणीकडं उरकू?”

कल्याणीचा फोन आला. टेबलाच्या पायांना पाणी हलवत होतं. ती टेबल धरून उभी होती. “दादा, हे म्हणतायत तू पत्र्यावर चढ. मी म्हटलं गप बसा.” मागे दाजींचा जड, अडखळता आवाज आला. काय म्हणाले ते कळलं नाही. “काय म्हणाले?” त्याने विचारलं. “काही नाही,” कल्याणी म्हणाली. “तुझ्या कामाचं नाही.”

ती ठेवते न ठेवते तोच शलाकाचा फोन वाजला.

“सायरन का वाजत नाही?”

खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. पण पंधरा वर्षांच्या संसारात त्याला ती कला आली नव्हती.

“मी भोक पाडलं नाहीये अजून. पाडलं की कल्याणीची बोट परत फिरते. थांब जरा. कलू निघू दे.”

त्याला वाटलं, फोन कट झाला.

“शलाका?”

“इथे चाळीसएक माणसं आहेत,” ती म्हणाली. “पोरं आहेत. आणि तू मला थांब म्हणतोयस.”

“हो.”

“हे मी आयुष्यभर लक्षात ठेवीन.”

“ठेव. पण त्यांना वर ने.”

“हिरवा ठिपका असताना? मला वेडी ठरवतील. मघाशी म्हटलं वर चला, तर काका म्हणाले, मॅडम, भजी गार होतील.” ती थांबली. मग तिच्या आवाजात चेअरमन आली. “फोन चालू ठेव.”

सोसायटीच्या ग्रुपवर हृषीकेशही होता. संदेश त्याच्यापर्यंतही आला : ‘तातडीची सर्वसाधारण सभा, आत्ता, पार्किंगमध्ये. विषय एक : मेंटेनन्समध्ये दुपटीने वाढ. विषय दोन : कमिटीवरील रिकाम्या जागांसाठी हजर सभासदांतून सक्तीने निवड. गैरहजर सभासदांचा विचार होणार नाही.’

चालू फोनमधून त्याने ऐकलं. आधी सगळ्यांचे फोन वाजले. मग खुर्च्या सरकल्या. कुणाचं दूध गॅसवर होतं, कुणाला ऑफिसचा फोन आला, कुणाची मुलं अचानक अभ्यासाला हाकलली गेली. साने काका मोठ्याने म्हणाले, “गुडघा फार धरलाय, मी आपला वरूनच ऐकतो.” लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. सायरनने जे अर्ध्या तासात झालं नसतं ते चहा निवायच्या आत झालं.

“काकू कढईसुद्धा घेऊन गेल्या,” शलाका म्हणाली. ती हसली. “मी पहिल्या मजल्याच्या जिन्यावर आहे. सांग तुझ्या बोटीला, आता—”

वायरलेस खरखरला. “घेतलं सायेब! दाजीस्नी घेतलं, बाईस्नी घेतलं. नारंगी जाकिटं घातली दोघांना. निघालो.”

हृषीकेशने डोळे मिटले. उघडले. भोकाच्या बटणाकडे हात नेला.

फोनमधून आवाज आला. तो काही फार मोठा नव्हता. ओलं पोतं पाठीवरून खाली टाकावं तसा. मग त्यावर एक दुसरा आवाज चढला, तो थांबेना. शलाका काहीतरी ओरडत होती, शब्द ऐकू येत नव्हते. वायरलेसवर सर्जेराव एकदाच म्हणाला, “आडवी चालली—” आणि मग तिथे नुसती खरखर.

पडद्यावर रेघ शाबूत होती. अल्याड निळं, पल्याड पिवळं.

“शलाका! शलाका, काय झालं?”

“बोट आत आली,” तिचा आवाज आला, उंच, फाटलेला. “भिंतीतून आत आली, उलटी. कल्याणीने जिन्याचा गज धरलाय. धर गं, सोडू नकोस, धर! मी ओढतेय तिला. साने काका, पाय रोवा, गुडघा गेला खड्ड्यात! आली. आली वर. तुमचा तो बोटवाला गाडीच्या टपावर आहे.”

“दाजी?”

पाण्याचा आवाज.

“शलाका, दाजी?”

“नाहीत, हृषी. दिसत नाहीत. सगळं गढूळ आहे, गाड्या फिरतायत. त्यांना हात तरी कुठे हलवता येतो.” मग अचानक ती खेकसली. “मशीनचं सांगू नकोस मला. तू सांग. कुठे गेले असतील? पाणी कुठे नेतं?”

त्याने पडद्याकडे पाठ केली. पार्किंग त्याला पाठ होतं, वर्षानुवर्षं तिथे गाडी लावत आला होता. ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यातून पाणी येणार, जोरात, नळीतून आल्यासारखं. समोर जिमची भिंत, ती नऊ इंची. तिथे ते आपटणार, दुभंगणार. एक फाटा गेटकडे. दुसरा डावीकडे वळणार, आणि जनरेटरच्या खोलीच्या आडोशाला त्याला जागा मिळणार. तिथे ते पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरत बसतं. नदीत पुलाच्या खांबामागे फिरतं तसं. वाहून आलेलं सगळं तिथे जमतं, पानं, चपला, खोकी.

“जनरेटरच्या खोलीमागे बघ,” तो म्हणाला. “गेटकडे नको. खोलीच्या मागे. तिथे पाणी गोल फिरतं. वाहून येतं ते तिथे थांबतं.”

“जिवंत?”

“थांबतं,” तो म्हणाला.

फोन कुणाच्या तरी हातात गेला. माणसं ओरडत होती. दोर आणा, दोर कुठला, साड्या आणा, साड्या बांधा. ज्यांना कमिटीवर यायचं नव्हतं ते सगळे जिन्यावर आले होते. कुणीतरी म्हणालं, नारंगी दिसतंय. कुणीतरी म्हणालं, बादली आहे ती. मग बराच वेळ शब्द नव्हते, नुसते हुंकार, ओढ, ओढ, सावकाश, मान धर, मान.

“दादा.” कल्याणी होती.

त्याने फोन कानाशी दाबला.

“सापडले,” ती म्हणाली. “जनरेटरच्या मागेच. तोंड वर होतं. जाकिटाने धरलं. बोलत नाहीयेत, पण श्वास आहे. खूप हळू आहे, दादा. दवाखान्यात न्यायला हवं. बोट पाठव. आमची फुटली.”

तो खुर्चीवर वळला. रिव्हर टच अजून पिवळी होती. सुरक्षित. बोटीची गरज नाही.

“वहिनीला विचार, भिंत किती पडलीय?”

तिकडे विचारणं झालं. “ट्रान्सफॉर्मरपासून गेटपर्यंत. सगळीच.”

त्याने ट्रान्सफॉर्मरपासून गेटपर्यंत रेघ पुसून टाकली. कच्चं गणित केलं नाही. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : गणना सुरू आहे, कृपया दहा मिनिटे प्रतीक्षा करा. इंगवले मॅडम केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या त्याला कळलं नाही. त्यांच्या हातात बोट क्रमांक सहाची किल्ली होती, आणि ती देता येत नव्हती.

“कलू, दहा मिनिटं लागतील. निघायला. त्यांना कुशीवर वळव. अंग कोरडं कर. धरून ठेव.”

“वहिनी पुसतायत. मी धरलंय.”

“दहा मिनिटं धर.”

“धरते,” कल्याणी म्हणाली, आणि त्याला श्वास ऐकू यावा म्हणून फोन दाजींच्या तोंडाजवळ ठेवला.